नऊ एकांचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे गुणधर्म

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाईंनी जे विचारले आहे, ते थोडक्यात असे. नववीच्या मुलांनी ११, १११, ११११ असे वर्ग काढत नेले आणि नऊ एकांच्या, म्हणजे १११११११११ च्या, वर्गाचे उत्तर वहीत १२३४५६७८९८७६५४३२१ असे आले. एका मुलाने मोबाईलवरच्या ॲपमध्ये पडताळून पाहिले तर शेवटचा अंक १ ऐवजी ० दिसला. दुसऱ्याने संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये पाहिले तर शेवटी चक्क दोन शून्ये. यांतले खरे कोणते? ही संख्या मूळ की संयुक्त, आणि तिला विभाजक किती? शिवाय ती उलटसुलट सारखीच वाचता येते, हा गुण गणिताचा मानावा की नुसती गंमत?

बाई, मुलांची वही बरोबर आहे, हे आधी सांगून टाकतो. वर्गात दाखवायचे झाले तर एवढेच विचारा की ज्याच्या एकक स्थानी १ आहे अशा संख्येला तिनेच गुणले तर एकक स्थानी शून्य येईल कसे? मोबाईलचे उत्तर या एका प्रश्नावरच बाद होते. आता यंत्र चुकले का, तर त्याला जागा पुरली नाही म्हणून. बहुतेक संगणकांत साध्या गणितासाठी संख्या ५३ द्विमान अंकांच्या मर्यादेत साठवली जाते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या त्या जागेत नेमकी बसते, मात्र त्यापुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या नेमकी त्या टप्प्यात पडते आणि ती विषम आहे, त्यामुळे यंत्राने शेजारची सम संख्या, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२०, घेतली. स्प्रेडशीट तर पहिले १५ अंकच राखते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते, म्हणून तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसले. वहीला असली मर्यादा नाही. फार तर कागद आडवा धरावा लागतो.

तिसरा प्रश्न मी दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे गुणधर्म कुठल्या खणात ठेवायचे ते आपोआप कळते. आपल्या भागातल्या मुलांना हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा लवकर पटतो, असा माझा बेळगाव आणि निपाणी भागातल्या तीसेक वर्षांच्या शिकवण्याचा अनुभव आहे. एकाच बाकावर मराठी घरातला मुलगा २१ ला ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस; शेजारचा कन्नड घरातला मुलगा ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, म्हणजे आधी वीस आणि मग एक. ५४ ला याचे ‘चोपन्न’, त्याचे ‘ऐवत्तनाल्कु’. तोंडी हिशेबात यामुळे अंकांची अदलाबदल होते आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ती निस्तरत बसावे लागते, पण म्हणून २१ ला तीनाने आणि सातानेच भाग जातो हे कुठल्याही भाषेत बदलत नाही. संख्या वेगळी आणि संख्येचे नाव वेगळे. अंकांत लिहिणे हाही नाव ठेवण्याचाच एक प्रकार आहे. ‘दशमान पद्धतीत एक-दोन-तीन-चार असे चढत नऊपर्यंत जाऊन उतरणारी’ हे आपल्या संख्येचे नाव आहे. ‘पूर्ण वर्ग आहे’, ‘तिला ३७ ने भाग जातो’ हे तिचे स्वतःचे गुण आहेत.

हे नाव इतके देखणे का झाले, ते चौकटीच्या वहीत दिसते. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच १ येतो, पुढच्या रांगेत दोन, मग तीन, असे मधल्या रांगेत नऊ होतात आणि तिथून डावीकडे पुन्हा आठ, सात असे कमी होत जातात. मधल्या रांगेची बेरीज बरोबर नऊ, म्हणजे हातचा घ्यावा लागत नाही. सगळी जादू या न घेतलेल्या हातच्यात आहे. मुलांना उत्तर आधी न सांगता चौकटी रंगवायला लावा. कौलारू छपराच्या उतारासारखा आकार त्यांच्या डोळ्यांपुढे येतो.

दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा येतात, हातचा निघतो आणि डौल मोडतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१ : मधल्या दहाचे शून्य, हातचा एक शेजारच्या नवात जाऊन त्याचेही शून्य, आणि पुढचा हातचा आठात जाऊन त्याचे नऊ. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर बेधडक म्हणून गेलो होतो की ‘असे कितीही एक घ्या, उत्तर उलटसुलट सारखेच येणार’. मधल्या सुट्टीनंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा पाटीभर गुणाकार करून घेऊन आला आणि काही न बोलता त्या दोन शून्यांवर बोट ठेवून उभा राहिला. तेव्हापासून ‘कितीही’ हा शब्द मी फळ्यावर जपून लिहितो.

नाव आणि गुण यांतला फरक आणखी एका उदाहरणाने पक्का होईल. समजा, आपण दहादहांचे गट न करता सातसातांचे गट करून मोजत असतो, म्हणजे आपल्याकडे ० ते ६ एवढेच अंक असते. त्या पद्धतीत सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१ असाच लिहिला जाईल, कारण मधल्या रांगेत सहा येतात आणि सहाला हातचा लागत नाही. पण त्या सहा एकांची किंमत आपल्या दशमान पद्धतीत १९६०८ आणि वर्गाची ३८४४७३६६४ आहे, जिच्याकडे पाहून कोणी दुसऱ्यांदा वळूनही बघणार नाही. एकाच संख्येला एका पोशाखात लोक गर्दी करून पाहतात, दुसऱ्या पोशाखात ओळखतही नाहीत. पूर्ण वर्ग असणे मात्र दोन्हीकडे टिकते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की उलटसुलट सारखेपणा हा गणिताचाच विषय आहे, पण तो संख्या आणि दहा यांच्या नात्याचा गुणधर्म आहे, एकट्या संख्येचा नव्हे.

आता विभाजकांकडे येऊ. ही संख्या वर्ग आहे, म्हणून ती संयुक्त आहे हे सांगायला गणित करावे लागत नाही. खरा प्रश्न १११११११११ या नऊ एकांचा आहे. त्यातील अंकांची बेरीज ९, म्हणजे नवाने भाग जातो आणि १२३४५६७९ उरतात. (यात आठ नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येते.) शिवाय नऊ एक हे तीन-तीन एकांचे तीन गट आहेत, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. एकांची गणती संयुक्त असली की ती संख्या संयुक्त असणारच, हा नियम याच गट पाडण्यातून येतो. उलट मात्र खरे नाही : गणती मूळ असून संख्या संयुक्त असणे हेच जास्त आढळते. दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या संख्या मूळ आहेत, पण तीन एकांचे १११ म्हणजे ३ × ३७ आणि पाच एकांचे १११११ म्हणजे ४१ × २७१.

१११ चे अवयव मिळाले. १००१००१ ची अंकांची बेरीज ३, म्हणून तीनाने भागून ३३३६६७ उरतात. इथे बहुतेक मुले अडतात आणि शिक्षकही ‘ही मूळ आहे, मानून चला’ म्हणून पुढे सरकतात. मानायला नको. ३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ पेक्षा किंचित जास्त आहे, तेव्हा ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भाग लावून पाहिला की काम झाले. पण १०६ भागाकार नववीच्या मुलांकडून करवून घेणे म्हणजे शिक्षाच. त्याऐवजी थोडा विचार केला तर १७ च भागाकार पुरतात, आणि तो विचार या संख्येतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

समजा, ‘प’ ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, आणि ९९९ × १००१००१ = ९९९९९९९९९ असल्यामुळे नऊ नवांनाही भागते; म्हणजे दहाच्या नवव्या घाताला ‘प’ ने भागल्यावर बाकी १ उरते. दहाच्या तिसऱ्या घाताला भागून बाकी १ उरू शकेल का? तशी उरली तर १००१००१, म्हणजे दहाचा सहावा घात, तिसरा घात आणि एक यांची बेरीज, हिची बाकी १ + १ + १ = ३ होईल; पण बाकी तर शून्य हवी, म्हणून ‘प’ तीनच असावा लागेल, आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्याने तीनाने तिला भाग जात नाही. तेव्हा दहाच्या घातांच्या बाक्या ‘प’ ने भागताना बरोबर नऊ पावलांनी फिरून येतात. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे दहाच्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ असते, म्हणून प − १ ला नवाने भाग गेलाच पाहिजे. ‘प’ विषम असल्यामुळे अठरानेही. म्हणजे १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या असलेल्या मूळ संख्याच तपासायच्या : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. वर्गात एकेका मुलाला एकेक संख्या वाटून द्या, पाच मिनिटांत सतरा बाक्या फळ्यावर येतील आणि एकही शून्य नसेल. सदतीसवाल्याची बाकी १ आणि एकोणीसवाल्याची ८ येते. बाकीच्या त्यांच्याकडूनच ऐका. ३३३६६७ मूळ आहे.

नऊ पावलांच्या फेऱ्याचा एक दृश्य पुरावाही आहे. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, म्हणून १ ला ३३३६६७ ने भागले तर दशांश चिन्हानंतर ०००००२९९७ हे नऊ अंक पुनःपुन्हा येत राहतात. एकवार भागाकार करून दाखवण्यासारखा आहे.

तर आपल्या संख्येचे मूळ अवयव असे : ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजायचे तर ३ चा घात ० ते ४ यांतून पाच प्रकारे निवडता येतो, ३७ चा तीन प्रकारे, ३३३६६७ चा तीन प्रकारे; ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली हे पूर्ण वर्गाचे लक्षण आहे, कारण विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गमूळ तेवढे स्वतःशीच जोडी जमवते. या ४५ विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७, म्हणजे १८९५४२७९५९२८२७५७९ होते. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे जास्त. संख्येला गाठायला बरेच कमी. ज्या संख्येच्या इतर विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते तिला न्यून संख्या म्हणतात, ती ही.

३७ हा अवयव असल्यामुळे आणखी एक गोष्ट पदरात पडते, जी मी कित्येक वर्षे शिकवूनही पाहिली नव्हती. १२, ३५, ३७ हे पायथागोरसचे त्रिकूट आहे : १४४ + १२२५ = १३६९. आणि १११११११११ = ३७ × ३००३००३. त्रिकुटाच्या तिन्ही संख्यांना ३००३००३ ने गुणले की काटकोन त्रिकोणाच्या बाजू मिळतात ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११. म्हणजे आपली संख्या ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग एवढी आहे, आणि दोन धन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिण्याचा हा एकमेव मार्ग आहे, कारण ३ आणि ३३३६६७ या दोघांनाही चाराने भागून बाकी ३ उरते आणि अशा मूळ अवयवांकडून या कामी मदत होत नाही. छत्तीस-छत्तीस, एकशेपाच-एकशेपाच हा ठेका मात्र पुन्हा दशमान लिखाणाचा. त्रिकूट संख्यांचे स्वतःचे.

आपली संख्या पहिल्या १११११११११ विषम संख्यांची बेरीज आहे, हे वर्ग असल्याने ओघानेच आले. तिच्याआधीची संख्या १११११११११० आणि १११११११११२ असल्या दहा-दहा अंकांच्या गुणाकारातून येते असे मुले घाईत लिहितात. अंक मोजायला लावा, ती १११११११११ पेक्षा एकाने लहान आणि एकाने मोठी अशा दोन नऊ अंकी संख्यांचा, म्हणजे ११११११११० आणि ११११११११२ यांचा, गुणाकार आहे.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला निःशेष भाग जाऊन १५२४१५७८९९७१०४१ येतात, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. देवळालीच्या शाळेत शिक्षकी केलेल्या या गणितज्ञांनी (१९०५–१९८६) आपल्या संख्येच्या कुटुंबालाही नाव दिले आहे : १, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या संख्यांना ते डेमलो संख्या म्हणत, आणि हे नाव त्यांनी मुंबईजवळच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या एका स्थानकावरून घेतले होते. हर्षद असणे हाही अर्थातच लिखाणाशी बांधलेला गुण आहे.

कापरेकरांच्या सुमारे हजार वर्षे आधी हे कुटुंब कर्नाटकात माहीत होते, हे मुलांना जरूर सांगा. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. या ग्रंथात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून १२३४५६५४३२१ मिळवायचे उदाहरण आहे, आणि अशा दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांना गळ्यातल्या हाराची उपमा आहे. या उदाहरणात एक मेख आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा; २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे सहा एकांचा वर्ग आहे, पण तो उघड दिसू नये अशा बेताने दोन वर्गांत फोडून ठेवला आहे. त्याच मालिकेत १५२२०७ × ७३ = ११११११११ आणि १४२८५७१४३ × ७ = १००००००००१ हीही उदाहरणे आहेत. अवयव माहीत असल्याशिवाय असे हार गुंफता येत नाहीत.

संख्या मोठ्याने वाचायची असेल तर आपल्या रीतीने स्वल्पविराम द्या : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या भाषेत ती १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ होते. ‘लीलावती’तल्या एकं-दहंच्या क्रमाने डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी पडतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

शेवटी एक सूचना. या संख्येवर वर्ग खूश झाला की लगेच एखादी रूप नसलेली संख्या द्या, नाहीतर मुलांना वाटते की गुणधर्म फक्त देखण्या संख्यांनाच असतात. मी बेळगावचा पिनकोड देतो : ५९०००१. तीनाने भाग जाऊन १९६६६७ उरतात, आणि मग ७, ११, १३ करत मूळ संख्यांची रांग संपता संपत नाही. १९३ ला, म्हणजे चव्वेचाळिसाव्या मूळ संख्येला, भाग जातो आणि १०१९ उरतात. १०१९ पुन्हा तपासावे लागत नाहीत, कारण तिचे वर्गमूळ ३२ च्याही आत आहे आणि तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच नाकारून आलो आहोत. ५९०००१ = ३ × १९३ × १०१९. तुमच्या खानापूरचा ५९१३०२ मुलांकडून करवून घ्या. तिथे इतके लांब जावे लागत नाही, पंच्याऐंशीच्या आतच सुटतो.